खेळाच्या स्टुडिओतला निवेदक तीस वर्षं कशावर टिकतो?

प्रश्न थोडक्यात असा. सांगली-कोल्हापूर भागात कबड्डी आणि टेनिस बॉल क्रिकेटच्या स्पर्धांचं यूट्यूबवर थेट निवेदन करणाऱ्या एका तरुणाने बीबीसीचा खेळांचा निवेदक डेस लायनम याच्या जुन्या चित्रफिती पाहिल्या. लायनम मोठ्या पातळीवर कधी खेळलेला नाही, आवाज चढवत नाही, फार बोलतही नाही. खुर्चीत रेलून दोन वाक्यं बोलतो आणि सामना सुरू होतो. मग ब्रिटनमध्ये तीसेक वर्षं प्रेक्षकांनी त्याला का ऐकलं? आणि त्यातलं काय शिकता येईल?

आधी एक फरक स्पष्ट करायला हवा, कारण आपल्याकडे या दोन कामांची सर्रास गल्लत होते. समालोचकासमोर खेळ असतो आणि तो त्यावर बोलतो. निवेदकासमोर घड्याळ असतं. सामना सुरू होण्याआधी, मध्यंतरात, संपल्यावर आणि सामना अचानक थांबला तर, असा सगळा मोकळा वेळ त्याच्या ताब्यात असतो. त्या वेळेला आकार देणं हेच त्याचं काम. लायनम ‘काहीच करत नाही’ असं वाटतं ते त्यामुळेच. त्याच्या कानात त्या वेळी पाच-सहा माणसं बोलत असतात, आकडे मोजले जात असतात, पुढची फीत तयार नसते, आणि यातलं काहीही त्याच्या चेहऱ्यावर दिसत नाही.

डेस लायनमचा जन्म 1942 चा, आयर्लंडमधल्या एनिस गावचा. लहानपण गेलं इंग्लंडच्या ब्रायटनमध्ये. आधी विम्याच्या धंद्यात नोकरी केली. 1968 मध्ये बीबीसी रेडिओ ब्रायटन हे स्थानिक केंद्र सुरू झालं तेव्हा तो तिथे लागला. तिथून राष्ट्रीय रेडिओवर, खेळांच्या बातमीपत्रात आणि मुष्टियुद्धाच्या समालोचनात. टेलिव्हिजनवर आला तो सत्तरच्या दशकाच्या शेवटी. म्हणजे कॅमेऱ्यासमोर स्थिरावण्याआधी जवळजवळ दहा वर्षांची रेडिओची तालीम झाली होती, आणि पुढची सगळी इमारत त्या पायावर उभी आहे असं माझं ठाम मत आहे.

मुष्टियुद्धाचंच बघा. एक फेरी तीन मिनिटांची, मधली विश्रांती एक मिनिटाची. रेडिओवर त्या एका मिनिटात फेरीचा निकाल, कोणाला कुठे लागलं, कोणाच्या कोपऱ्यात काय धावपळ चाललीय, हे सगळं सांगून घंटेच्या आधी तोंड बंद करावं लागतं. साठ सेकंद म्हणजे नेमकं किती, हे असं काम शेकडो वेळा केल्यावर अंगात भिनतं. चित्र नसल्यामुळे तुम्ही थांबलात तर श्रोत्याला काहीच मिळत नाही, आणि नको तेव्हा बोललात तर घंटेचा आवाज बुडतो. कबड्डीवाल्याकडे ही तालीम फुकट उपलब्ध आहे: एक चढाई तीस सेकंदांची. आवाज बंद करून सामन्याची फीत लावा आणि प्रत्येक चढाईनंतर, पुढचा चढाईपटू मधली रेषा ओलांडण्याआधी, एका वाक्यात मागची चढाई सांगून थांबा. पहिल्या आठवड्यात वाक्य लांबतं आणि पुढची चढाई त्याखाली दबते. शंभरेक चढायांनंतर वाक्य आपोआप छोटं होतं.

टेलिव्हिजनवर लायनम ज्या शाळेत शिकला ती म्हणजे ‘ग्रँडस्टँड’. हा बीबीसीचा शनिवार दुपारचा कार्यक्रम 11 ऑक्टोबर 1958 ला सुरू झाला आणि 28 जानेवारी 2007 ला बंद झाला. चार-पाच तास थेट प्रक्षेपण: घोड्यांच्या शर्यती, रग्बी, मुष्टियुद्ध, मोटारी, आणि संध्याकाळी फुटबॉलचे निकाल. पहिले काही भाग पीटर डिमॉकने सादर केले, मग डेव्हिड कोलमनने त्याला रूप दिलं, 1968 पासून फ्रँक बॉफ, त्यानंतर लायनम आणि स्टीव्ह रायडर. अशा कार्यक्रमात लिहिलेली संहिता वाचत बसणं शक्य नसतं. एका मैदानावर पाऊस आला, दुसरीकडे घोडा सुरुवातीच्या रेषेवर अडला, की पुढच्या अर्ध्या तासाचा क्रम बदलतो. तो बदल निवेदकाला कळतो कानातल्या यंत्रातून, बहुतेक वेळा त्याचं स्वतःचं वाक्य अर्धवट असताना.

याला टॉकबॅक म्हणतात आणि या धंद्यातली सगळ्यात अवघड गोष्ट हीच. टॉकबॅक दोन प्रकारचा असतो. एकात दिग्दर्शकाने कळ दाबली तरच त्याचा आवाज निवेदकाच्या कानात येतो. दुसऱ्यात, म्हणजे खुल्या टॉकबॅकमध्ये, नियंत्रण कक्षातलं सगळंच ऐकू येतं: कॅमेऱ्यांना दिलेल्या सूचना, वेळ मोजणाऱ्या साहाय्यकाचे आकडे, ग्राफिक्सवाल्याशी झालेली वादावादी. नवख्याला पहिला प्रकार सोपा वाटतो. पण थेट खेळात खुला टॉकबॅकच कामाचा, कारण फीत तयार नाही हे तुम्हाला कोणी सांगण्याआधीच कक्षातल्या आवाजांवरून कळतं आणि तुम्ही वाक्य लांबवायला सुरुवात केलेली असते.

चुका ठरलेल्या असतात. कानात ‘वीस सेकंद’ ऐकलं की नवा अँकर तोंडानेही ‘वीस’ म्हणून जातो. सूचना येताच नजर कॅमेऱ्यावरून खाली घसरते. काही जण सूचना ऐकण्यासाठी बोलायचं थांबतात आणि पडद्यावर नुसता ऐकणारा चेहरा दिसतो. घरी सराव करायची रीत अशी: एका कानात इअरफोन लावा, त्यात कोणीतरी बातम्या वाचत असलेली ध्वनिफीत सुरू ठेवा, आणि मोबाइलच्या कॅमेऱ्याकडे बघत दोन मिनिटं कालच्या सामन्याबद्दल बोला. ते जमलं की बातम्यांच्या जागी मित्राने उलटी मोजणी केलेली फीत लावा, तीसपासून शून्यापर्यंत, आणि तुमचं शेवटचं वाक्य ‘दोन’ आणि ‘शून्य’ यांच्या मध्ये संपवा. रोज पंधरा मिनिटं केलंत तर महिना-दीड महिन्यात फरक दिसतो. शून्यानंतर दोन सेकंद कॅमेऱ्याकडे शांत बघत राहा. दिग्दर्शकाला दृश्य बदलायला एवढा श्वास लागतो. बहुतेक जण शेवटचा शब्द संपताच मान खाली घालतात आणि ती खाली गेलेली मानच प्रेक्षकाला दिसते.

उलट्या बाजूने वेळ लावणं हा याचाच पुढचा भाग. समजा कार्यक्रम 6 वाजता संपायचा आहे. शेवटची नामावली 25 सेकंदांची, म्हणजे तुमचा निरोप 5 वाजून 59 मिनिटं 35 सेकंदांना संपला पाहिजे. निरोपाला 20 सेकंद लागतात, तर तो 5:59:15 ला सुरू व्हायला हवा. त्याआधीची क्षणचित्रांची फीत 1 मिनिट 40 सेकंदांची, म्हणजे ती 5:57:35 ला सुटली पाहिजे, आणि तिची ओळख करून देणारी 15 सेकंदं 5:57:20 ला सुरू झाली पाहिजेत. आता तज्ज्ञ पाहुणा 5:57:20 उलटून गेल्यावरही बोलतोय. अशा वेळी फीत पूर्ण गाळायची. अर्धी दाखवून मध्येच कापलेली फीत प्रेक्षकाला खटकते. न दाखवलेली फीत त्याला माहीतच नसते. निरोप मात्र कधी घाईत उरकायचा नाही. अनुभवी निवेदक हा हिशेब डोक्यात सतत मागे-पुढे सरकवत असतो, वाण्याने दुकान चालवता चालवता उधारी लक्षात ठेवावी तसा.

कबड्डीचं मध्यंतर पाच मिनिटांचं, म्हणजे 300 सेकंदं. माझ्या मते त्याची वाटणी अशी बसते: गुणफलक सांगणारी सुरुवात 15, तज्ज्ञाबरोबर दोन चढायांची पुनरावृत्ती 75, जाहिराती 90, आकडेवारी 20, दुसऱ्या डावात काय बघायचं यावर एक प्रश्नोत्तर 40, प्रायोजकाचा उल्लेख 15, आणि खेळाडू मॅटवर येताना 20. बेरीज 275 होते. उरलेल्या 25 सेकंदांना हात लावायचा नाही, ती गळतीसाठी आहेत. स्थानिक स्पर्धेत मात्र मध्यंतरातच पाहुण्यांचा सत्कार निघतो, शाल-श्रीफळ होतं, एखादं भाषणही होतं, आणि पाचाची बारा मिनिटं होतात. म्हणून साठ ते नव्वद सेकंदांचे दोन तुकडे कायम खिशात असावेत: एखाद्या खेळाडूचा परिचय, एखादा नियम उदाहरणासह. चढाईपटूला ‘करो या मरो’ची चढाई कधी करावी लागते हे कितीही वेळा सांगितलं तरी नव्या प्रेक्षकाला हवंच असतं.

आता लायनमच्या त्या प्रसिद्ध वाक्याबद्दल. 15 जून 1998 ला फ्रान्समधल्या विश्वचषकात इंग्लंडचा पहिला सामना मार्सेयमध्ये ट्युनिशियाशी होता. दिवस सोमवार, ब्रिटनमधली वेळ दुपारी दीडची. लायनमने प्रेक्षकांना नमस्कार केला आणि विचारलं, तुम्ही आत्ता कामावर असायला नको होतं का? बस्स. लोक अजूनही ते वाक्य आठवतात. त्याने स्टेडियमचं वर्णन केलं नाही, महासंग्राम वगैरे शब्द वापरले नाहीत. त्याने फक्त विचार केला की आत्ता हा सामना कोण आणि कुठे बसून बघतंय. आजारपणाची थाप मारून घरी थांबलेला, कचेरीतल्या टीव्हीभोवती जमलेला, पबमध्ये जेवणाची सुट्टी लांबवणारा, असा प्रत्येकजण त्या एका प्रश्नात पकडला गेला. सुरुवातीचं वाक्य लिहिताना हाच एक प्रश्न स्वतःला विचारायचा. रात्री साडेअकराला इस्लामपूरच्या मैदानावर प्रकाशझोतात उपांत्य सामना सुरू होतोय आणि बघणारा सकाळी सहाच्या पाळीला जाणार आहे. त्याला काय म्हणाल? ‘नमस्कार मंडळी, आपलं सहर्ष स्वागत आहे’ हे दिवसाच्या कुठल्याही वेळी, कुठल्याही सामन्याला चालतं, म्हणून कोणाच्याच मनाला भिडत नाही.

पण निवेदकाची खरी किंमत कळते ती ठरलेला बेत मोडतो तेव्हा. लायनमच्या वाट्याला हे एकाच मैदानावर दोनदा आलं, लिव्हरपूलजवळच्या एन्ट्री (Aintree) या रेसकोर्सवर, ‘ग्रँड नॅशनल’ या घोड्यांच्या अडथळ्यांच्या शर्यतीत.

1993 मध्ये दोनदा चुकीची सुरुवात झाली. दुसऱ्यांदा परत बोलावल्याचा इशारा पुढच्या बावटाधारकापर्यंत नीट पोहोचलाच नाही, आणि 39 पैकी 30 घोडेस्वार शर्यत सुरू झाली असं समजून निघून गेले. त्यातले सात जण पूर्ण साडेचार मैलांची शर्यत संपवून आले. एशा नेस हा घोडा पहिला आला आणि शर्यत रद्द ठरली. अशा वेळी निवेदकाच्या हातात एकही उत्तर नसतं. पैज लावलेले लाखो लोक घरी बसून विचारत असतात: आमच्या पैशांचं काय? पुन्हा पळवणार का? दोष कोणाचा? निवेदकाने तिथे स्वतः न्यायाधीश व्हायचं नसतं. काय निश्चित आहे ते सांगायचं, काय ठरायचं बाकी आहे ते सांगायचं, आणि समोर आलेल्या संतापलेल्या माणसाला प्रश्न विचारून ऐकायचं. रागावलेल्या माणसाला प्रश्न विचारताना आवाज अर्धी पट्टी खाली आणावा लागतो. बरोबरीच्या पट्टीत विचारलं की मुलाखतीचं भांडण होतं.

1997 मध्ये 5 एप्रिलच्या शनिवारी शर्यतीच्या तासभर आधी सांकेतिक शब्दांसह बाँबच्या धमक्या आल्या. सुमारे 60,000 लोकांना मैदान सोडायला लावलं आणि त्यांत प्रक्षेपण करणाऱ्यांनाही निघावं लागलं. शर्यत सोमवारी 7 तारखेला झाली आणि लॉर्ड जिलीन जिंकला. अशा प्रसंगाचे नियम कठोर आहेत. घडलेलं सांगताना वेळ सांगा: ‘दोन वाजून पन्नास मिनिटांनी मैदान रिकामं करायला सांगितलं गेलं.’ माहिती कोणाकडून आली तेही सांगा. आकडा अधिकृत नसेल तर आकडा उच्चारू नका. पाच मिनिटांनी तेच पुन्हा सांगा, कारण प्रत्येक मिनिटाला नवे प्रेक्षक येत असतात आणि त्यांना सुरुवात माहीत नसते. कॅमेरा एखाद्या रडणाऱ्या माणसावर स्थिरावला असेल तर गप्प राहा. आणि खेळ कधी सुरू होईल, हा प्रश्न त्या घडीला तोंडातून काढू नका. जत्रेतल्या कुस्त्यांच्या मैदानात किंवा कबड्डीच्या तात्पुरत्या गॅलरीत गडबड उडाली, फळ्या खचल्या, तर हेच लागू. पहिलं वाक्य लोकांच्या सुरक्षिततेचं, दुसरं संयोजकांनी काय सांगितलंय त्याचं. ‘मोठी दुर्घटना’ हे शब्द अधिकृत माहिती मिळाल्याशिवाय वापरायचे नाहीत, कारण बघणाऱ्यांत गॅलरीतल्या माणसांच्या घरचेही असतात.

1972 च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये इस्रायली खेळाडूंना ओलीस ठेवलं गेलं तेव्हा अमेरिकेत एबीसीचा जिम मकाय आणि ब्रिटनमध्ये डेव्हिड कोलमन हे खेळाचेच निवेदक तासन्‌तास कॅमेऱ्यासमोर होते. बातमीचा माणूस आणायला वेळच नव्हता. म्हणून खेळाच्या निवेदकाने पत्रकारितेचं मूळ शिक्षण घ्यायला हवं: कोणी सांगितलं, केव्हा सांगितलं, दुसऱ्या कोणी दुजोरा दिला का.

तयारीबद्दल कोलमनचं उदाहरण घ्यावं. ग्रँडस्टँडवर फुटबॉलचे निकाल टेलिप्रिंटरवर एकेक अक्षर उमटत येत. निकाल पुरा होताच कोलमन सांगे की हा संघ आता गुणतक्त्यात कुठे गेला, किती सामन्यांनंतर हरला, कोणाची मालिका तुटली. शनिवारी दुपारी असे पन्नासेक निकाल. ही माहिती आदल्या दिवसांत हाताने लिहून डोक्यात बसवलेली असते. आता सगळं मोबाइलवर मिळतं, पण थेट प्रक्षेपणात मोबाइल उघडून शोधायला लागलात की तुम्ही पाच सेकंदं गेलेले असता. प्रत्येक संघाचं एकच जाड कार्ड करा, वहीच्या अर्ध्या पानाएवढं. डावीकडे खेळाडू, क्रमांक आणि जागा: डावा कोपरारक्षक, उजवा मध्यरक्षक. उजवीकडे संघाच्या शेवटच्या पाच सामन्यांचे निकाल आणि तीन गोष्टी ज्या सामन्यात घडू शकतात. अमुक खेळाडूला आज आठ गुण मिळाले तर स्पर्धेतले शंभर पूर्ण, अशा. कार्ड स्वतःच्या हाताने लिहा. लिहिताना निम्मं पाठ होतं. आणि यातलं फार तर एक पंचमांश वापरायचं. सगळी माहिती ओतणारा अँकर हा नवखेपणाची खूण आहे.

निकाल वाचण्याची एक स्वतंत्र कला तिथे होती. बीबीसी रेडिओवर जेम्स अलेक्झांडर गॉर्डन 1974 पासून 2013 पर्यंत फुटबॉलचे निकाल वाचत. पहिल्या संघाचं नाव आणि गोल जसे उच्चारले जात त्यावरून, दुसऱ्याचा आकडा येण्याआधीच, जिंकलं कोण की बरोबरी झाली हे कानाला कळत असे. मराठीत हे करून बघण्यासारखं आहे. ‘जय हनुमान अठ्ठावीस, शिवशक्ती...’ इथे ‘शिवशक्ती’वर सूर चढला तर ती पुढे, उतरला तर मागे, दोन्ही नावांचा सूर सारखा राहिला तर बरोबरी. दहा निकाल सलग असे वाचून ध्वनिमुद्रित करा. सगळे एकाच सुरात येतायत हे ऐकून बहुतेकांना धक्का बसतो.

आता कारकिर्दीचा तो भाग, ज्यावर निवेदकाचा स्वतःचा अजिबात ताबा नसतो: प्रक्षेपणाचे हक्क. लायनम 1988 पासून ‘मॅच ऑफ द डे’ या बीबीसीच्या फुटबॉल कार्यक्रमाचा मुख्य चेहरा होता. नव्वदच्या दशकात बीबीसीच्या हातून एकेक खेळ निसटत गेला. 1997 मध्ये फॉर्म्युला वन आयटीव्ही या खाजगी वाहिनीकडे गेलं, त्याच वर्षी फुटबॉलचा एफए चषकही, आणि 1999 मध्ये इंग्लंडमधलं कसोटी क्रिकेट चॅनल फोरकडे. त्या ऑगस्टमध्ये लायनम आयटीव्हीत गेला. 2000 साली आयटीव्हीने प्रीमियर लीगच्या क्षणचित्रांचे हक्क मिळवले आणि ऑगस्ट 2001 मध्ये तो कार्यक्रम शनिवारी संध्याकाळी सातला सुरू झाला. शनिवारी सातला ब्रिटिश घरांत कुटुंब एकत्र टीव्ही बघतं, आणि त्यातल्या सगळ्यांना फुटबॉल नको असतो. प्रेक्षकसंख्या अपेक्षेएवढी आली नाही आणि नोव्हेंबरमध्ये कार्यक्रम रात्री साडेदहाला ढकलला गेला. निवेदक तोच, त्याचं कौशल्य तेच. चुकली ती वेळ. 2004 मध्ये हक्क पुन्हा बीबीसीकडे गेले आणि त्या वर्षीच्या युरो स्पर्धेनंतर लायनमने आयटीव्हीवरचं फुटबॉल थांबवलं.

भारतात हे चक्र आणखी वेगाने फिरतं. आयपीएल 2017 पर्यंत सोनीवर, 2018 पासून स्टारवर, 2023 पासून टीव्ही एकाकडे आणि डिजिटल दुसऱ्याकडे, आणि नोव्हेंबर 2024 मध्ये त्या दोन्ही कंपन्या एकत्रच झाल्या. दोन वाहिन्यांची एक झाली की अँकरच्या खुर्च्याही कमी होतात. हैदराबादच्या मराठी घरातले हर्षा भोगले हे याचं जवळचं उदाहरण. आकाशवाणीपासून सुरुवात, रसायन अभियांत्रिकी आणि अहमदाबादच्या आयआयएमचं शिक्षण, मोठ्या पातळीवर क्रिकेट न खेळता मिळवलेलं नाव. तरी 2016 च्या आयपीएलआधी त्यांना समालोचकांच्या चमूतून वगळण्यात आलं. पुढे ते परतले. मधल्या काळात ते उभे राहू शकले याचं कारण लेखन, व्याख्यानं आणि इंटरनेटवरचे कार्यक्रम हे दुसरे पाय आधीच रोवलेले होते.

म्हणून करार करताना दोन तारखा शेजारी शेजारी लिहा: तुमचा करार कधी संपतो आणि वाहिनीकडचे हक्क कधी संपतात. हक्क आधी संपत असतील तर शेवटच्या वर्षात तुम्ही काय करणार हे करारात लिहून घ्या. एकाच खेळावर अवलंबून राहू नका. लायनमने प्रवासाचा कार्यक्रम केला, सामान्य मनोरंजनाचे केले, आणि फुटबॉलनंतर 2005 मध्ये ‘काउंटडाउन’ हा शब्द-आकड्यांचा खेळ घेतला. तो त्याने वर्षभरानंतर सोडला, कारण चित्रीकरण लीड्सला होतं आणि घर इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याकडे. साठी ओलांडलेल्या निवेदकासाठी प्रवासाचे तास हे मानधनाइतकेच महत्त्वाचे असतात, आणि मुंबईत स्टुडिओ नि घर साताऱ्यात असेल तर तिशीतही.

लायनमच्या जागी 1999 मध्ये ‘मॅच ऑफ द डे’वर आला गॅरी लिनेकर, 1986 च्या विश्वचषकातला सर्वाधिक गोल करणारा खेळाडू, आणि 2025 पर्यंत राहिला. तेव्हापासून पत्रकारितेतून आलेल्या निवेदकाची वाट अरुंद झाली. माजी खेळाडूंना शिकता येत नाही असं मुळीच नाही. टेनिसमधली 1976 ची फ्रेंच ओपन विजेती सू बार्कर 1993 पासून 2022 पर्यंत बीबीसीवर विम्बल्डन सादर करत होती. 2012 च्या अंतिम सामन्यात फेडररकडून हरलेला अँडी मरे कोर्टवर बोलता बोलता रडू लागला, तेव्हा माइक तिच्या हातात होता. तिने त्याला वेळ दिला आणि पुढचा प्रश्न त्याच्या अंगावर ढकलला नाही. प्रश्न गिळता येणं हे प्रश्न सुचण्याइतकंच शिकावं लागतं. जो खेळाडू नाही त्याने मात्र खेळाडूचा आव आणू नये. ‘तिथे ॲन्कल होल्ड करायला हवा होता’ हे तज्ज्ञाला सांगू द्या. तुम्ही विचारा, ‘पकड नेमकी कुठे सुटली?’

मुलाखतीच्या प्रश्नांबद्दल थोडं नेमकं. एका वेळी एकच प्रश्न, आणि तो फार तर बारा-पंधरा शब्दांचा. ‘आज कसं वाटतंय?’ याला ‘छान वाटतंय’ हेच उत्तर येणार. ‘चौतिसाव्या मिनिटाला तुम्ही बाहेर बसला होता तेव्हा संघाला काय सांगितलंत?’ याला उत्तर द्यावंच लागतं. प्रश्नात स्वतःचं मत घालून शेवटी ‘बरोबर ना?’ असं विचारलं की खेळाडू ‘हो’ म्हणतो आणि मुलाखत तिथेच संपते. खेळाडू अठरा वर्षांचा असला तरी कॅमेऱ्यासमोर ‘तुम्ही’ म्हणा. मैदानाबाहेर तो तुम्हाला दादा म्हणत असेल. पडद्यावर तो आज जिंकलेला खेळाडू आहे. नावाचा उच्चार त्यालाच विचारा आणि देवनागरीत लिहून ठेवा. ऱ्हस्व-दीर्घ, ल आणि ळ, सगळं लिहिता येतं, ही आपल्याला मिळालेली मोठी सोय आहे. एखाद्याचं आडनाव चुकलं की त्याच्या गावचे सगळे प्रेक्षक तुमच्या हातून गेले.

भाषेचा प्रश्नही यातच येतो. आकाशवाणीवर बाळ ज. पंडित यांनी क्रिकेटचं मराठी धावतं समालोचन घराघरांत नेलं तेव्हापासून षटक, झेल, पायचीत, यष्टिचीत हे शब्द कानाला परके राहिलेले नाहीत. ते निःसंकोच वापरावेत. पण ‘पॉवरप्ले’, ‘स्ट्राइक रेट’, ‘ऑल आउट’ यांचे ओढूनताणून प्रतिशब्द घडवू नयेत. कबड्डीत लोण म्हणावं, कारण तोच शब्द मातीतून आलेला आहे. हिंदी प्रक्षेपणाची उसनी वाक्यं, ‘काय कमालची चढाई केलेली आहे त्यांनी’ या छापाची, मराठी कानाला दर वेळी टोचतात. ‘काय चढाई झाली!’ एवढं पुरतं.

उपकरणांत तरुण मंडळी पैसे चुकीच्या जागी घालतात. गावच्या मैदानावर कॉलरचा छोटा माइक निरुपयोगी असतो; जनरेटर, ढोल आणि भोंगे सगळे त्यात शिरतात. हातातला डायनॅमिक माइक घ्या आणि तोंडापासून पाच ते आठ सेंटिमीटरवर, किंचित बाजूला धरा. पाहुण्याच्या हातात माइक देऊ नका. एकदा दिला की परत मिळायला भाषण संपावं लागतं. स्टुडिओत कॉलरचा माइक हनुवटीखाली एक वीतभर, आणि त्यावर घासणारं लॉकेट, ओढणी किंवा कडक इस्त्रीचं जॅकेट नको. बारीक रेघांचा शर्ट कॅमेऱ्यावर थरथरताना दिसतो.

दूरच्या पाहुण्याशी उपग्रहामार्गे बोलताना आवाज सुमारे 36,000 किलोमीटर वर जाऊन तेवढाच खाली येतो, म्हणजे एका बाजूने साधारण पाव सेकंद. प्रश्न जाऊन उत्तर येईपर्यंत अर्धा, आणि यंत्रांचा वेळ धरून त्याहूनही जास्त. म्हणून प्रश्न स्वच्छ संपवून पूर्ण थांबायचं. मध्ये ‘हं, हं’ म्हटलं की तो उशिरा पोहोचतो आणि पाहुणा अडखळतो. यूट्यूबवरचं थेट प्रक्षेपण तर प्रेक्षकांपर्यंत काही सेकंदांपासून अर्ध्या मिनिटापर्यंत उशिरा जातं. प्रेक्षकांच्या टिप्पण्या वाचून दाखवताना ही चढाई त्यांनी अजून पाहिलेली नाही हे ध्यानात ठेवा, नाहीतर तुमचं उत्तर दोन चढाया पुढचं असतं.

पुढच्या स्पर्धेला सुरुवात एका गोष्टीने करा: संयोजकांना सांगून कॅमेरा सांभाळणाऱ्या मुलाजवळ एक माणूस घड्याळ घेऊन बसवा आणि साधा वायरचा इअरफोन तुमच्या कानात ठेवा. तो फक्त तीनच गोष्टी म्हणेल: किती सेकंदं उरली, पुढे काय दाखवायचंय, आणि ‘लांबव’. पहिल्या दोन रात्री ते आवाज नकोसे होतील. तिसऱ्या रात्री तुमच्या लक्षात येईल की ‘लांबव’ ऐकूनही तुमचा चेहरा बदललेला नाही.